एक पिशवी काढली, दुसरी लावली

आमच्या वस्तीतल्या एक आक्का सहा वर्षे अंग बाहेर येण्याचा त्रास सोसत होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, चार बाळंतपणे, तीही घरीच, आणि उभा जन्म डोक्यावर ओझे. सकाळी उठले की गोळा हाताने आत सारायचा, वर फडक्याची घडी बांधायची आणि कामाला लागायचे. डॉक्टरांनी तपासून शस्त्रक्रिया सांगितली, तारीखही दिली. आक्का गेल्याच नाहीत. दुसऱ्या तारखेला लेकीच्या घरचे कारण निघाले. तिसऱ्या वेळी आम्हीच त्यांच्या घरी जाऊन बसलो. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले. सून पाणी भरायला बाहेर गेली तेव्हा आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "पोट फाडा, टाके घाला, मी कशाला भीत नाही. पण ती मुताची पिशवी मला नको. माझ्या सासूला ती लावली अन् आठ दिवसांत ती गेली."

आम्ही म्हणजे वस्तीवस्तीत बायकांच्या आरोग्याचे काम करणाऱ्या पाच-सहा जणी. त्यातल्या दोघींनी नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढली आहेत. इतक्या वर्षांत किती जणींना नळी घातली आणि काढली, त्याची मोजदाद नाही. आणि तरी एक बाई केवळ या नळीच्या धाकाने सहा वर्षे अंग हाताने सारत राहिली, हे आम्हाला त्या दिवशी कळले. रविवारी विहारातल्या बैठकीत हा विषय काढला, तेव्हा आधी सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग एकेक बोलू लागली. एकीला वाटत होते की नळी एकदा लागली की जन्मभर लागते. दुसरीने ऐकले होते की काढताना आतला फुगा फुटतो. तिसरी म्हणाली, नळी लागली म्हणजे किडनी गेली समजायचे. एक तरुण मुलगी म्हणाली, "मला दुखण्याची भीती नाही, पण पिशवी दिसते ना सगळ्यांना. सासरे भेटायला आले की मी ती चादरीखाली लपवायची."

घोळ शब्दापासूनच आहे. आपल्याकडे गर्भाशयालाही पिशवी म्हणतात आणि लघवी साठते त्या प्लास्टिकच्या थैलीलाही पिशवीच. "पिशवी काढली" म्हणजे गर्भाशय काढले, "पिशवी लावली" म्हणजे लघवीची थैली लावली. एका आजीने आम्हाला गंभीरपणे विचारले होते, "एक पिशवी काढली म्हणून त्या जागी ही दुसरी लावली का गं?" आम्ही तेव्हा हसलो. आता वाटते, हसायचे नव्हते. तिला कुणी सांगितलेच नव्हते, तर ती दुसरे काय समजणार?

म्हणून आधी ही नळी आहे काय ते सांगतो. रबराची किंवा सिलिकॉनची मऊ नळी असते, साधारण पाच मिलिमीटर जाडीची, म्हणजे आपल्या करंगळीहून बरीच बारीक. बाईचा लघवीचा मार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो. त्या मार्गाने नळी मूत्राशयात जाते. शस्त्रक्रियेच्या नव्हे, बाळ येते त्या वाटेने तर नव्हेच. अनेक बायकांना या दोन वाटा वेगळ्या आहेत हेच ठाऊक नसते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही, कारण शाळेत कुणी शिकवलेले नसते. नळीच्या आतल्या टोकाला एक लहानसा फुगा असतो. नळी आत गेल्यावर त्यात पाच-दहा मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात. म्हणजे दोन चहाचे चमचे. त्या फुग्यामुळे नळी घसरून बाहेर येत नाही. फुग्याच्या या नळीला फोलेज कॅथेटर म्हणतात. अमेरिकेतले डॉक्टर फ्रेडरिक फोले यांनी १९३०च्या दशकात ती रूढ केली, त्यांच्या नावावरून. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे जगभरातल्या बायका-पुरुषांना ही नळी लागते आणि निघते.

ती लावायची कशाला, याला कारणे आहेत. गर्भाशयाच्या अगदी पुढ्यात मूत्राशय असते, दोन्ही एकमेकांना चिकटून. मूत्राशय भरलेले राहिले तर शस्त्रक्रियेत त्याला इजा होण्याची भीती, म्हणून ते रिकामे ठेवावे लागते. दुसरे, कमरेत इंजेक्शन देऊन खालचे अंग बधिर केले की काही तास लघवी लागल्याचे कळतच नाही. मूत्राशय भरत जाते, ताणत जाते, आणि एकदा फार ताणले की ते दमते. तिसरे, तासाला किती लघवी झाली यावरून रक्तदाब नीट आहे का, मूत्रपिंडे काम करतात का, आत कुठे रक्तस्राव तर होत नाही ना, हे आम्हाला कळते. पन्नास किलो वजनाच्या बाईला तासाला निदान पंचवीस-तीस मिलिलिटर लघवी व्हायला हवी. सिस्टर रात्री दोन वाजता येऊन बॅटरीच्या उजेडात तुमची पिशवी निरखते, ती यासाठी. आणि चौथे, खालून शस्त्रक्रिया झाली असेल तर रक्त थांबावे म्हणून योनीत कापसाच्या जाळीची लांबलचक पट्टी भरून ठेवतात. तिचा दाब लघवीच्या मार्गावर येतो. ती पट्टी साधारण दुसऱ्या दिवशी सकाळी काढतात. पट्टी ओढायला लागले की ती येतच राहते, येतच राहते, आणि बाईला वाटते आतडे निघाले. तसे काही नसते. एवढे आधी सांगितले असते तर किती किंचाळ्या वाचल्या असत्या.

आक्कांच्या सासूचे काय झाले होते, तेही विचारून घेतले. म्हातारी लकवा होऊन अंथरुणाला खिळली होती, शुद्ध नव्हती, म्हणून नळी लावली होती. ती गेली ती लकव्याने. पण घरातल्यांच्या डोळ्यांपुढे राहिली ती खाटेला लटकणारी पिशवी. आजारपण दिसत नाही, पिशवी दिसते.

इथे आमची चूकही कबूल करतो. आम्ही वॉर्डात होतो तेव्हा पन्नास-साठ खाटा आणि रात्रीला दोन सिस्टर असा कारभार होता. संमतीच्या कागदावर अंगठा घेतला जायचा, एनिमा, केस काढणे, सुई, सलाईन, सगळे व्हायचे, पण "शुद्धीवर याल तेव्हा तुम्हाला लघवीची नळी असेल, घाबरू नका" हे एक वाक्य बोलायला कुणाला सुचायचे नाही. एका रुग्णालयात आमच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट आहे. पिशवी काढलेली एक बाई मध्यरात्री भुलीतून पुरती जागी झाली. मांड्यांमध्ये काहीतरी आहे एवढेच तिला कळले. तिने ते धरून ओढले. फुगा भरलेलाच होता. चादर लाल झाली. मार्गाला इजा झाली, नळी परत घालावी लागली, आणि दोन दिवसांची ती आता दहा दिवसांची झाली. सकाळी राउंडला सगळे तिलाच रागावले. आम्हीही रागावलो. आज ते आठवले की वाईट वाटते.

आणि आता आमच्यातल्या एकीचे सांगतो. ती एक म्हणजे हे लिहिणारीच. गाठींमुळे आमचे गर्भाशय काढावे लागले. नळी कशी असते, कुठे असते, फुग्यात किती पाणी असते, सगळे पाठ. तरी पहिल्या रात्री तीनदा घंटी वाजवली. "सिस्टर, नळी निघाली आहे. मला जोरात लघवी लागली आहे, गादी भिजेल." ती पोर आमच्या लेकीच्या वयाची. तिने तिन्ही वेळा येऊन पाहिले, नळी जागेवर होती, पिशवीत लघवी येत होती. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच आम्हाला शिकवता ना, फुगा टेकतो म्हणून लागल्यासारखे वाटते?" खरे होते. फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी टेकतो आणि मेंदूला निरोप जातो की लघवी आली आहे. मूत्राशय रिकामे असते, निरोप मात्र येतच राहतो. माहिती असणे वेगळे आणि स्वतःच्या अंगात ते सोसणे वेगळे. पण एक फरक पडला. कारण समजल्यावर चौथ्यांदा घंटी वाजवली नाही. लांब श्वास घेतला, कूस बदलली, नळी मांडीखाली दबलेली होती ती सोडवली, आणि झोप लागली.

त्या लागल्यासारख्या वाटण्यात कुंथायचे नाही, ढकलायचे नाही. कधी मूत्राशय आवळते, ओटीपोटात कळ येते आणि नळीच्या बाजूने थोडी लघवी झिरपते. गादी ओली झाली म्हणून बाई मेल्याहून मेल्यासारखी होते. तो तिचा दोष नसतो. नळी वाकली आहे का, ताणली आहे का, बद्धकोष्ठ झाला आहे का, हे आधी पाहायचे आणि सिस्टरला सांगायचे. आवळणे फार असेल तर त्यावर औषध आहे, पण ते डॉक्टरांनी द्यायचे. शेजारणीची उरलेली गोळी घ्यायची नाही. नळी मांडीला चिकटपट्टीने लावलेली असली की हालचालीचा हिसका आत बसत नाही. पट्टी सुटली असेल तर सांगून परत लावून घ्या.

आता पाण्याचे. हा भाग आपल्या बायकांसाठी सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या बायकांना लघवी दाबण्याची सवय लहानपणापासून लागते. शेतात आडोसा नाही, बांधकामावर संडास नाही, झाडू मारायला पहाटे निघाले की दुपारपर्यंत कुठे जायचे? मग पाणीच कमी प्यायचे. हीच सवय घेऊन बाई वॉर्डात येते. तिला वाटते, पाणी प्याले की पिशवी लवकर भरते, मग कुणाला तरी हाक मारावी लागते, तो माणूस तोंड वाकडे करतो, त्यापेक्षा घोट घोट पिऊ. लघवी चहासारखी गडद होते, जळजळ होते, आणि जंतूंना आयते रान मिळते. नळी असताना पाणी जास्त प्यायचे. डॉक्टरांनी तोंडाने घ्यायला परवानगी दिली की दिवसाला दोन-अडीच लिटर. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेवढे नाही, मग डॉक्टर सांगतील तितकेच. लघवी फिकट पिवळी, वाळल्या गवताच्या रंगाची दिसायला हवी. पहिल्या दिवशी किंचित गुलाबी दिसली तर बहुतेक वेळा काळजी नसते.

पिशवी रिकामी कुणी करायची, हा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही, पण वॉर्डात तो रोज उभा असतो. सिस्टर म्हणते मावशीला सांगा, मावशी म्हणते सफाईवाल्याला सांगा, सफाईवाला दुसऱ्या मजल्यावर गेलेला असतो, आणि पिशवी भरून लघवी नळीत उलटी चढायला लागते. काही ठिकाणी त्या कामाचे वीस-पन्नास रुपये मागतात. दुसऱ्याची घाण कुणी उचलायची, हे या देशात माणूस जन्माला येण्याआधीच ठरवून ठेवले होते. आपल्या आजी-पणजींनी ते भोगले आहे, म्हणून ही टाळाटाळ आमच्या लगेच लक्षात येते. लघवीला जात नसते. हात धुवायचे, पिशवी रिकामी करायची, परत हात धुवायचे. नवऱ्याने करावे, मुलाने करावे, सुनेने करावे. एका घरी नवरा खाटेशी बसून पिशवी भरलेली पाहत होता आणि मुलीची शाळा सुटायची वाट बघत होता. त्याला आम्ही तिथेच शिकवले. पाच मिनिटे लागली. पुढचे सहा दिवस त्यानेच केले, आणि किती झाली ते वहीत लिहूनही ठेवले.

ते पाच मिनिटांचे शिक्षण असे. साबणाने हात धुवा. या कामासाठी एक वेगळा मग ठेवा, मापाचा असेल तर उत्तम. पिशवीच्या खालचे बूच उघडा, त्याचे टोक मगाला टेकू देऊ नका. पिशवी दोन लिटरची असते, पण पुरती भरायची वाट पाहू नका. अर्ध्याहून थोडी जास्त झाली की रिकामी करा, नाहीतर तिच्या वजनाने नळी ओढली जाते. बूच बंद करा, टोक स्वच्छ पुसा, मग संडासात ओतून धुवा, हात धुवा. पिशवी आणि नळीचा जोड उगाच सोडवायचा नाही. जंतू तिथूनच शिरतात.

पिशवी नेहमी कमरेच्या खाली हवी. झोपताना, चालताना, बसमध्ये, कुठेही. वर उचलली तर पिशवीतली शिळी लघवी परत आत जाते. पुस्तकात लिहितात की पिशवी पलंगाच्या कडेला अडकवा. पण आपल्या किती घरांत पलंग आहे? जमिनीवर अंथरूण, तर पिशवी त्याहून खाली कुठे ठेवणार? यावर आम्ही उपाय केला तो असा की शेजारून खाट मागून आणायची. लाजायचे नाही, आठ-दहा दिवसांचा प्रश्न असतो. खाट नसेल तर चार-पाच गाद्या-गोधड्या एकावर एक घालून अंथरूण उंच करायचे आणि पिशवी कडेला खाली एका स्वच्छ टबात ठेवायची. उघड्या जमिनीवर ती टेकवायची नाही. चालताना एका हातात धरली तरी चालते. लाज वाटत असेल तर कापडी पिशवीत घाला, वरून कुणाला कळत नाही. परकराची नाडी नळीवर आवळली जात नाही ना, तेवढे पाहा. आम्ही दोनदा असे पाहिले आहे की "लघवी बंद झाली" म्हणून रिक्षा करून रुग्णालयात आले आणि नळी नाडीखाली चेपली होती.

अंग रोज धुवायचे. साधा साबण, साधे पाणी, पुढून मागे, आणि नळी जिथून बाहेर येते तिथे हलक्या हाताने. शौचानंतरही पुढून मागेच. हळद, पावडर, डेटॉल, कडुलिंबाचा काढा, यातले काहीही तिथे लावायचे नाही. घरातल्या मोठ्या बायका प्रेमाने सांगतात, त्यांना प्रेमानेच नाही म्हणायचे. डॉक्टरांनी आंघोळीला परवानगी दिली की मगाने पाणी घेऊन आंघोळ करता येते, नळीला काही होत नाही. पाळी बंद झाली, अंग जड आहे म्हणून दिवसभर पडून राहू नका. पिशवी हातात घेऊन घरातल्या घरात चाला. चालल्याने पायात रक्त गोठत नाही आणि पोट साफ राहते. कुंथावे लागू नये इतपत भाजी, फळ, पाणी असू द्या.

आता भीती कुठे बाळगायची, ते सांगतो. नळीला नको, पण काही खुणांना जरूर भ्या. तीन-चार तास पिशवीत थेंब नाही आणि ओटीपोट फुगून दुखते आहे. थंडी वाजून ताप आला, १००.४ च्या वर गेला. कुशीत, पाठीच्या वरच्या बाजूला दुखते आहे. लघवी लालभडक झाली, त्यात गाठी येत आहेत. लघवी गढूळ, घाण वासाची आणि सोबत ताप. यातले काही झाले की रात्र असो की सण असो, रुग्णालय गाठायचे, वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा. नुसता वास आला, ताप नाही, दुखत नाही, तर आधी पाणी वाढवा आणि दुसऱ्या दिवशी दाखवा. नळी असली की लघवीत थोडे जंतू सापडतातच. त्रास नसताना मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन खाल्ले तर फायदा नाही, पुढे औषध लागू पडेनासे होते.

आणखी एक खूण, जिच्याबद्दल बायका बोलत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर आठ-पंधरा दिवसांनी योनीतून सतत पाणी गळू लागले, रात्री झोपेतही अंथरूण भिजू लागले, तर ते श्वेतपदर समजून गप्प बसू नका. मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडलेले असू शकते. क्वचित होते, पण होते. लवकर कळले आणि छिद्र लहान असले तर कधी कधी नुसती नळी काही आठवडे ठेवून ते भरून येते. नाहीतर शस्त्रक्रिया करून बुजवता येते. वास येतो म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. त्यांचा आजार बरा होणारा होता.

नळी किती दिवस, हे शस्त्रक्रियेवर ठरते. साधे गर्भाशय काढले असेल किंवा सिझेरियन असेल तर बहुतेक वेळा एका दिवसाच्या आत निघते. अंग बाहेर येण्याची शस्त्रक्रिया असेल तर एक-दोन दिवस. शस्त्रक्रियेत मूत्राशयाला जखम होऊन ती शिवली असेल तर आठवडा ते दोन आठवडे, कारण टाके भरेपर्यंत मूत्राशयाला विश्रांती हवी असते. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया असेल तरीही जास्त दिवस लागतात. नळी जितके दिवस आत, तितका जंतूंचा धोका वाढत जातो, दर दिवसामागे साधारण तीन ते सात टक्क्यांनी. म्हणून रोज राउंडला एक प्रश्न विचारायचाच: "डॉक्टर, नळी आज काढता येईल का? नसेल तर का नाही?" यात उद्धटपणा काही नाही. गर्दीच्या वॉर्डात काढायची नळी विसरली जाते, हे आम्ही आतून पाहिलेले आहे.

(गर्भाशय काढण्याची गरज होती का, हा प्रश्न तर याहून आधीचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली गेल्याचा विषय २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला आणि त्यावर समिती नेमावी लागली. पांढरे जाते, कंबर दुखते एवढ्यावर कुणी पिशवी काढा म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. त्यावर वेगळे लिहू.)

काढताना काय होते? सिस्टर आधी सिरिंजने फुग्यातले पाणी ओढून घेते. फुगा चपटा होतो. मग ती म्हणते, लांब श्वास घ्या, आणि श्वास सोडेपर्यंत नळी बाहेर आलेली असते. पहिल्या एक-दोन वेळा लघवीला थोडे जळजळते. चार ते सहा तासांत लघवी व्हायला हवी. लवकर व्हावी म्हणून एकदम तांब्याभर पाणी पिऊ नका, नेहमीसारखेच प्या. शांतपणे बसा, दाराला कडी लावा, नळ सोडून पाण्याचा आवाज ऐका, मांड्यांवर कोमट पाणी ओता. पोट दाबून काढायची नाही. वॉर्डात पडदा नसेल, समोर पुरुष उभे असतील, तर लघवी होत नाही. हा आजार नाही, स्वभाव आहे. पडदा मागा. मग झालेली लघवी मोजतात आणि मागे किती उरली ते सोनोग्राफीने किंवा नळीने पाहतात. मागे शंभर-दीडशे मिलिलिटरहून कमी राहिली तर बहुतेक घरी सोडतात.

आणि नाही झाली तर? आक्कांना हेच झाले. शेवटी त्या शस्त्रक्रियेला आल्या होत्या. आम्ही आदल्या दिवशी एक नवी नळी आणि रिकामी पिशवी त्यांच्या हातात दिली, फुग्यात पाणी भरून दाखवले, त्यांनी तो दाबून पाहिला, काढून पाहिला. शस्त्रक्रिया नीट झाली. दुसऱ्या दिवशी नळी काढली. दुपारपर्यंत लघवीचे दोन-चार थेंब, आणि आत चारशे मिलिलिटर अडकलेली. परत नळी घातली आणि सात दिवस ठेवून घरी जा म्हणाले. आक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या. "मी म्हणत होते ना," एवढेच बोलल्या.

इथे बाई खचते, म्हणून नीट सांगतो. अंग वर उचलून शिवल्यावर लघवीच्या मार्गाभोवती सूज असते, दुखत असते, दुखते म्हणून स्नायू सैल सुटत नाहीत. त्यात बद्धकोष्ठ. पहिल्या प्रयत्नाला न होणे नवलाचे नाही. सूज उतरली की बहुतेक जणींची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पूर्ववत होते. काहींना दिवसातून तीन-चार वेळा स्वतः बारीक नळी घालून लघवी काढायला शिकवतात. आरसा घेऊन, दोन दिवसांत जमते. निरक्षर बायकांनाही जमलेले आम्ही पाहिले आहे.

आक्कांच्या घरी खाट नव्हती. मागच्या गल्लीतून एक आणली. तारेचा आकडा करून पिशवी अडकवली. पहिले दोन दिवस त्या दार लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी आल्या, त्यांनी आधी पिशवीकडे पाहिले, मग म्हणाल्या, "एवढीच होय?" त्यातली एक स्वतः बाहेर येणाऱ्या अंगाने हैराण होती, आम्हाला ते माहीत नव्हते. आक्कांनी तिला बूच कसे उघडायचे ते दाखवले.

आठव्या दिवशी नळी काढली. तीन तासांनी आक्का संडासातून मग घेऊन आल्या, तो सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. अडीचशे. मागे साठ उरली होती. सिस्टरने कागदावर लिहिले आणि सांगितले, सहा आठवडे जड उचलायचे नाही, नवऱ्याजवळ जायचे नाही, तपासायला यायचे. खाट त्यांनी परत केली नाही अजून. पुढच्या महिन्यात शेजारणीची तारीख आहे.